विकत घेतलेली तीन संत्री

"सोपं आहे हो, त्यात काय!" असं ज्या कामाबद्दल सांगतात, त्या कामापासून शहाण्यानं चार हात लांब राहावं. अवघड कामाला माणूस कंबर कसून जातो, दहा जणांना विचारतो आणि निभावतो. सोप्या कामात मात्र तो बेसावध सापडतो. आमच्या ओन्दाम गावच्या दोक-सू समचुनांचं नेमकं हेच झालं. आमच्या बेटावर वयानं मोठं माणूस दिसलं, की ते बाई असो की बुवा, त्याला समचुन म्हणायचं. नात्याची चौकशी मागाहून. तर ह्या समचुनांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत शिक्के मारले आणि सदुसष्टाव्या वर्षी केक करायला घेतला.

सुरुवात सोमवारी झाली. राजधानीहून, म्हणजे सोलहून, मुलीचा, ह्ये-रिमचा, फोन आला.

"बाबा, मी रविवारी येतेय. आणि ह्या वेळी 'बघू' म्हणालात तर ऐकणार नाही. खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत."

"अगं, पण इथं मला काय कमी आहे?"

"माणसं," ह्ये-रिम म्हणाली. "आई गेल्याला दोन वर्षं झाली. तुमच्याकडे कोण येतं सांगा बरं, मीटर बघणारा सोडून?"

मीटर बघणाराही आता फाटकाबाहेरूनच आकडा टिपून जातो, हे समचुनांनी सांगितलं नाही. गाव सोडायचं नुसतं नावही त्यांना सोसायचं नाही. सोलमध्ये चौदाव्या मजल्यावर पडद्याआड बसून माणसानं करायचं काय? त्या धास्तीत ते बोलून गेले, "मी अगदी मजेत आहे. स्वयंपाक करतो, चार माणसं येतात-जातात. तू ये तर खरी. तुझ्या आईचा संत्र्याचा केक करून ठेवतो."

 पलीकडून ह्ये-रिमचा आवाज आला, तो नऊ वर्षांच्या पोरीचा होता. "राइस कुकरमधला? बाबा, तुम्हाला येतो?"

"न यायला काय झालं?"

"तसा सोपाच आहे म्हणा. चार अंडी, वाटीभर पीठ, पाऊण वाटी साखर, तीन संत्री."

फोन ठेवून समचुन बराच वेळ ओट्याशी उभे राहिले. त्यांची बायको ओक-सुन दर हिवाळ्यात तो केक करायची. जेवायच्या चार काड्या एका मुठीत धरून अंड्यांचा पांढरा भाग घुसळायची, पोरगी भांडं घट्ट धरायची, आणि समचुन शेजारी वर्तमानपत्र वाचत "आवाज होतोय" म्हणून कुरकुरायचे. पुढे कुकरच्या तोंडातून वाफ यायला लागली की काचा धुरकटायच्या, घरभर संत्र्याच्या सालीचा वास भरायचा, आणि तिघं खालून तापवलेल्या गरम जमिनीवर पाय पसरून नुसती वाट बघत बसायची. केक फार उंच फुगायचा नाही. ताटात यायचा तोही अर्धाच. कुकर लहान आहे, समचुन मनात म्हणायचे. हे सगळं आठवून त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी ते पुसले, कारण रविवारपर्यंत रडायला सवड नव्हती.

मंगळवारी कुकर कपाटातून निघाला. झाकण लावलं की बाजूनं फसफस वाफ जाई. समचुनांनी दुरुस्ती केंद्राला फोन लावला.

"कुकर कोणाच्या नावावर नोंदवलाय साहेब?"

"बायकोच्या."

"मग मॅडमना फोन देता का?"

"ती वारली."

"माफ करा हं साहेब. मग त्यांच्या मोबाइलवर आत्ता एक सहा आकडी नंबर येईल, तेवढा सांगा."

"अहो, वारली म्हटलं ना मी!"

"हो साहेब, पण नंबर त्यांच्याच मोबाइलवर जातो."

बरीच हुज्जत घातल्यावर असं ठरलं, की समचुनांनी कुटुंबाचा दाखला पाठवावा. मग कुकर त्यांच्या नावावर होईल, मग तक्रार घेतली जाईल, आणि मग माणूस येईल. समचुनांना ह्यात काही गैर वाटलं नाही. उलट, देशात अजून कुणीतरी नियमानं वागतंय म्हणून बरंच वाटलं. ते बरं वाटणं कचेरीत पोचेपर्यंत टिकलं.

ज्या खिडकीमागे ते चौतीस वर्षं बसले, तिथं आता सो-रा बसते. तिला काम त्यांनीच शिकवलेलं.

"ओळखपत्र?" सो-रानं विचारलं.

"अगं सो-रा, मी!"

"हो समचुन. ओळखपत्र?"

ओळख निराळी आणि ओळखपत्र निराळं, हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं होतं? गुरूची विद्या गुरूच्याच कपाळावर येऊन आदळली. समचुन सायकलवरून घरी गेले, ओळखपत्र घेऊन आले, तर खिडकीला जेवणाच्या सुट्टीची पाटी. पाटीवरचं वळणदार अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. एक वाजता अर्ज भरायला मिळाला. त्यात एक रकाना होता, 'दाखला कशासाठी'. समचुनांनी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलेलं नाही. त्यांनी लिहिलं, 'केक करण्यासाठी'.

"समचुन, असं चालत नाही. 'इतर'वर खूण करा."

"केक इतर कसा? मुख्य तोच आहे!"

शेवटी खूण 'इतर'वरच करावी लागली. अपमान गिळून ते दाखला घेऊन घरी आले, तेव्हा शेजारच्या मल-जा समचुन दगडी कुंपणावरून डोकावत होत्या. वय शहाहत्तर, पाठ वाकलेली, पण जीभ सरळ. कुकरचं प्रकरण ऐकून त्यांनी तो कुंपणावरूनच मागून घेतला, झाकणाची रबरी रिंग खेचून काढली, उलटी फिरवून दाबली.

"उलटी बसवली होतीस, शहाण्या."

समचुनांनी दाखल्याची नीट घडी घातली आणि फायलीत लावला. फुकट गेलेला कागदही फायलीतच लावायचा असतो.

"आणि ऐक," मल-जा समचुन म्हणाल्या, "अंडी एकाच दिशेनं घुसळ. मधेच हात उलटा फिरवलास की मेलं सगळं. संत्री आहेत ना?"

"आहेत की," समचुन म्हणाले. कागदावर नव्हतं म्हणून, नाहीतर हे खोटं त्यांच्या हातून झालं नसतं.

खरी मेख इथंच होती. ओन्दाममध्ये संत्री कोणी विकत घेत नाही. चहूकडे बागाच बागा. जी फळं डागाळलेली, वेडीवाकडी, बाजारात न चालणारी, ती गोणीत भरून लोक एकमेकांच्या दारात टाकून जातात. कोणी टाकली, हे विचारायचं नसतं. भर हिवाळ्यात ज्याच्या ओसरीवर गोणी नाही त्याचं गावाशी बिनसलंय, असं खुशाल समजावं. आणि पैसे मोजून संत्री घेणारा तर माणसातून उठलाच. ह्ये-रिम ह्याच गावची पोर. ती आत पाऊल टाकताच आधी ओसरीच्या कोपऱ्यात बघणार, आणि कोपरा रिकामा दिसला की समचुनांचं चंबूगबाळं आवरायला घेणार, ह्यात शंका नव्हती.

कोपरा रिकामा का? तर समचुन नोकरीत असताना, आणि पुढं सवयीनं निवृत्तीनंतरही, दारात पडलेली प्रत्येक गोणी परत करायचे. सरकारी माणसाला भेट म्हणजे लाच. गोणीला चिठ्ठी चिकटवलेली असायची: 'वरील वस्तू सादर परत. कृपया पोच द्यावी.' खाली सही, सहीवर शिक्का. नवीन रस्त्यात त्यांच्या वडिलांची बाग जात होती, ती फाइलसुद्धा ह्या गृहस्थानं एक दिवस न अडवता पुढं पाठवली होती, त्यामुळे घरची संत्रीही गेली. मग इतकी वर्षं ओक-सुन केक कशाचा करायची, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. नळाला पाणी कुठून येतं, हे तरी आपण कुठं विचारतो? आणि आता मल-जा समचुनांकडे मागावीत, तर चौतीस वर्षं दिलेलं परत करणाऱ्यानं हात पसरायचा कुठल्या तोंडानं?

गुरुवारी त्यांनी टोपी घातली, तोंडाला मास्क लावला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि बस धरून बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या हल्ला नावाच्या डोंगराच्या पार पलीकडे, उत्तरेच्या शहरात गेले. तिथल्या मोठ्या बाजारात त्यांना कुत्रं ओळखत नव्हतं. पहिल्याच दुकानासमोर उभं राहून त्यांनी सोलकरांसारखा आवाज काढला.

"तीन संत्री द्या."

"तीन?" दुकानवालीनं त्यांना नीट निरखलं. "श्राद्धाला हवीत का? तीन संत्र्यांचे काय पैसे घ्यायचे आजोबा, न्या तशीच."

इथं ती संत्री पिशवीत टाकून समचुन निघून आले असते तर ही गोष्ट इथंच संपती. पण फुकट म्हटल्यावर त्यांच्या अंगातला सरकारी माणूस ताडकन उठून उभा राहिला.

"फुकट मी काही घेत नाही! पैसे घ्या. आणि पावती द्या."

"तीन संत्र्यांची पावती?"

"तीन असोत की तीनशे! पावती म्हणजे पावती!" सोलकराचा आवाज कधीच गळून पडला होता. ओन्दाममध्ये चौतीस वर्षं घुमलेला तो आवाज होता.

मागे पेट्या उतरवणारा एक माणूस दचकून वळला. आमच्या गावचे प्रमुख, बोंग-चुन. स्वतःच्या बागेचा माल घालायला आले होते. त्यांनी समचुनांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, पावतीकडे पाहिलं. मग न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यासारखी त्यांनी मान फिरवली आणि पेट्यांमागे गेले.

"बघितलं नसेल," परतीच्या बसमध्ये समचुन स्वतःला समजावत होते. "चष्मा होता."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला गावच्या चारही कर्ण्यांतून आवाज आला.

"आ, आ. एक, दोन. गावप्रमुख बोंग-चुन बोलतोय. बातमी लाजिरवाणी आहे. आपल्या गावातल्या एका ज्येष्ठ माणसावर काल शहरात जाऊन संत्री..." इथं कर्ण्याचा गळा दाटून आला, "संत्री विकत घ्यायची पाळी आली. तीसुद्धा तीन. नाव मी घेणार नाही. त्यांची अब्रू ती आपली अब्रू. निळं फाटक, पाण्याच्या टाकीला लागून, बाहेर सायकल असते. शेजारच्या गावाला कळायच्या आत काय ते करा. दुसरी सूचना, सामायिक फवारणी यंत्र ज्यानं नेलंय त्यानं आणून ठेवावं. धन्यवाद."

समचुन अंथरुणावर बसल्या बसल्या लाल झाले. आता ह्या बोंग-चुनला जाब विचारायचा, असं म्हणून ते तरातरा फाटकाशी गेले. पण त्या दिवशी बाहेर पडायचं त्यांना धैर्य झालं नाही. शनिवारी सकाळी झालं, तर फाटक उघडेना. जोर लावला, खांदा लावला, शेवटी फटीतून बघितलं. बाहेर गोण्याच गोण्या. काही पिवळ्या, काही निळ्या, एक तर चक्क नवी कोरी प्लास्टिकची पेटी, तिच्यात उत्तम प्रतीची, एकसारखी, बाजारात भाव खाणारी संत्री. ती बोंग-चुनची, हे सांगायला नको.

आनंद व्हायचा तर समचुनांचा संताप झाला. भीक घालताय होय मला? ते घरात गेले, टेबल ओढलं, कागद काढला आणि लिहायला बसले: 'वरील वस्तू सादर परत...'

"लिही, लिही!" खिडकीतून मल-जा समचुनांचा आवाज आला. वाकलेल्या पाठीनं ही बाई कुंपण ओलांडून आली होती. "तुझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच आहे माझ्याकडे. लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरते. कागद चांगला असतो सरकारी."

"समचुन, मी तत्त्वानं वागलो. एक संत्रं खाल्लं नाही कुणाचं."

"एक?" मल-जा समचुन खिडकीच्या कठड्यावर बसल्या. "अरे खुळ्या, तू सकाळी गोणी परत पाठवायचास आणि दुपारी तुझी बायको मागच्या कुंपणावरून ती घेऊन जायची. म्हणायची, त्यांनी त्यांची नोकरी राखली, आता मी माझा केक राखते. आणि केक झाला की अर्धा कापून घरोघर वाटायची. अर्धाच यायचा ना तुझ्या ताटात?"

समचुनांचं पेन थांबलं. कुकर लहान नव्हता तर.

"मग ती गेल्यावर," ते म्हणाले, "दोन वर्षांत माझ्या दारात एकही गोणी..."

"तू परत पाठवणार. आणि पाठवलेली न्यायला आता ती नाही," मल-जा समचुन म्हणाल्या.  "मला नाही बाबा बघवणार ती परत आलेली गोणी. कुणालाच नसती बघवली."

समचुन टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडले. मल-जा समचुनांनी त्यांना रडू दिलं आणि तेवढ्या वेळात तीन संत्री सोलून खाल्ली.

रविवारी सकाळपर्यंत गोण्या ओसरीवर आल्या आणि समचुनांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मल-जा समचुन अंडी घुसळायच्या देखरेखीला, बोंग-चुन माफी मागायला, सो-रा केकचं काय झालं ते बघायला, आणि बाकीची मंडळी आपापल्या गोणीच्या वतीनं. कारण प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमच्यातलं एक तरी केकात पडलंच पाहिजे.

"तीनच घालायची आहेत," समचुन म्हणाले.

"मग माझं नको? कडू आहे का माझं संत्रं?"

आता माणसं राखायची की प्रमाण राखायचं? समचुनांनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. तीन संत्र्यांची चौदा झाली. समचुनांचा हात भरून आला तेव्हा घुसळायला बोंग-चुन बसले. त्यांनी हात उलटा फिरवला, त्यावरून मल-जा समचुनांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पातळ झालं म्हणून कुणी पीठ ओतलं, घट्ट झालं म्हणून कुणी रस पिळला. कुकरचं बटण दर दहा मिनिटांनी टक्कन वर उडायचं, आणि सो-रा ते नियमानं परत दाबायची.

अकरा वाजता ह्ये-रिम आली, दोन मोठ्या बॅगा ओढत. समचुनांनी पुढं होऊन त्या उचलल्या, तर हाताला वजनच लागलं नाही. दोन्ही रिकाम्या होत्या.  ह्या बॅगा कशानं भरायच्या, ते विचारायची गरजच नव्हती.

ह्ये-रिमनं ओसरीच्या कोपऱ्यात पाहिलं. कोपरा दिसत नव्हता. ओसरीच दिसत नव्हती. तिनं बाबांकडे पाहिलं आणि गोण्यांमधून वाट काढत आत गेली.

सगळ्यांसमोर कुकर उघडला. आत काहीतरी पिवळंधमक थरथरत होतं. केक म्हणावा तर उभा राहीना, खीर म्हणावी तर वाहीना. सगळे एकदम दोष एकमेकांवर ढकलू लागले. समचुनांनी मुकाट्यानं वाट्या काढल्या आणि डावानं वाढलं.

ह्ये-रिमनं एक चमचा खाल्ला. "आईचा असा नव्हता."

"नव्हता," समचुन कबूल झाले. "ती एकटी करायची. मला चौदा जणांनी मदत केली."

ह्ये-रिम हसायला लागली ती थांबेचना, आणि हसता हसता तिला हुंदका फुटला. "वास मात्र तोच आहे," ती नाक पुसत म्हणाली. "मला वाटलं होतं, हा वास मला आता कधी मिळायचाच नाही. आणखी वाढा."

दुपार कलल्यावर माणसं गेली. दोघं जमिनीवर पाय पसरून बसली. बॅगा भिंतीला टेकून उभ्या होत्या. ह्ये-रिम गोण्यांकडे बघून म्हणाली, "बाबा, मी उगाच म्हणत होते हो, तुमच्याकडे कोणी येत नाही."

इथं गप्प बसलं की काम फत्ते! पण समचुन गप्प बसते तर ते दोक-सू समचुन कसले? अपुऱ्या माहितीवर निर्णय होताना त्यांच्यानं बघवेना.

"ह्ये-रिम, खरं सांगतो. ह्या गोण्या कालच्या आहेत. दोन वर्षं इथं एकही नव्हती. दोन वर्षं मी दारामागे एकटाच होतो. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं." त्यांनी एक बॅग पुढं ओढली, तिची चेन उघडली. "पडदे कुठल्या रंगाचे लावलेस?"

ह्ये-रिम काही बोलणार, तेवढ्यात कुंपणावरून मल-जा समचुनांची हाक आली.

"ए दोक-सू! उद्या आमची तोडणी आहे. एक माणूस कमी पडतंय. परवा बोंग-चुनकडे, तेरवा टाकीपलीकडच्या बागेत. येतोस का, का निघालास पोरीबरोबर?"

 उघड्या बॅगेवर हात ठेवून समचुन नुसते मुलीच्या तोंडाकडे बघत राहिले.

ह्ये-रिम उठली. खिडकी उघडून तिनं डोकं बाहेर काढलं.

"येतील, समचुन!" ती ओरडून म्हणाली. "किती वाजता पाठवू?"